राजाच्या भाचीचं धुणं

२९ जानेवारी, ग्रीनिच

मठात असताना रोज संध्याकाळी मदरसमोर गुडघे टेकायचे आणि दिवसभराचं बरंवाईट सांगून मोकळं व्हायचं, हा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. आता मदर नाही आणि मठही नाही. गेल्या शरदात राजाच्या माणसांनी छतावरचं शिसं उतरवून नेलं आणि आम्हा अकरा सिस्टरांना एकेक साधा झगा देऊन वाटेला लावलं. तेव्हापासून मनात साठतंय ते कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसले आहे. मी ॲव्हिस थॉर्नहिल, वय बेचाळीस. मठात धुणं आणि आजाऱ्यांची सेवा ही दोन कामं मी केली. त्यातल्या पहिल्याच्या जोरावर राजवाड्याच्या धोबीखान्यात जागा मिळाली.

आज इथला पहिला दिवस. आमचं चर्च आत मावेल एवढा मोठा इथला भटारखाना आहे. पण मला आठवत राहिली आहे ती एक रिकामी खुर्ची. मोठ्या दालनातून चादरींची पाटी नेताना पाहिलं, छत्राखाली राजाची खुर्ची होती, त्यात कुणीच नव्हतं, आणि तरी तिच्यापुढून जाणारा प्रत्येक माणूस टोपी काढून कमरेत वाकत होता. मीही वाकले. 

२ फेब्रुवारी, मेणबत्त्यांचा सण

मिरवणूक पाहायला आम्हा धुणेवाल्यांनाही सोडलं होतं. आमची मुकादमीण पार्नेल स्पूनर माझ्या शेजारी उभी होती. बोलायला मोकळी बाई आहे, हात कोपरापर्यंत लालबुंद, मन साफ. कोण कोण ते ती मला कानात सांगत होती.

मग राजाची भाची लेडी फिलिपा चालत गेली. वीस-एकवीस वर्षांची पोर. फार सुंदर म्हणावी अशी नाही, पण तिच्या हातातली मेणबत्तीची ज्योत हलत नव्हती. पुढच्यांच्या, मागच्यांच्या, सगळ्यांच्या ज्योती वाऱ्यानं फडफडत होत्या.

"तिच्या आणि गादीच्या मध्ये फार माणसं नाहीत," पार्नेल म्हणाली. "म्हणून राजाच्या हुकमाशिवाय तिनं कुणाकडे बघून हसायचंही नाही. चोरून लग्न केलं तर नवऱ्याचं मुंडकं जाईल. तिचंही जाईल बहुतेक."

राजवाड्यातल्या मुलींपेक्षा आम्ही मठात मोकळ्या होतो की काय, असं वाटून गेलं.

११ फेब्रुवारी

लेडी फिलिपाच्या खोलीत धुतलेले कपडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. तिची जुनी दाई अँकरेट दारातच कपडे घेते. वेल्सकडची म्हातारी, सगळ्यांकडे चोर समजून बघते. आज मात्र आतून आवाज आला, "तिला आत येऊ दे."

बाईसाहेबांनी चादर नाकाला लावली. यात काय घातलंय, विचारलं. मी म्हटलं लव्हेंडर, आणि आमच्या मठाची पद्धत म्हणून थोड्या वाळवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मठात तुला दिवसभर कुणी बघत नसेल. कसं वाटायचं?"

"देव बघत होता, बाईसाहेब."

"तो एकटाच ना?"

मी पाटी उचलून निघाले. 

२४ फेब्रुवारी

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे, उपवास आठवड्यापूर्वी सुरू झाले. नदीकाठच्या कुंपणावर चादरी वाळत घालत होते तेव्हा एक काळ्या कपड्यातले गृहस्थ थांबले. मी चेहरा ओळखला. सर ओसवल्ड वेन, राजाच्या सल्लागार मंडळाचे चिटणीस. आमचा मठ बंद करण्याचा हुकूम यांनीच वाचून दाखवला होता. त्यांनीही मला ओळखलं. म्हणाले, "त्या दिवशी रडली नाहीस अशी तू एकटीच होतीस."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण बोलताना त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. धुणेवालीपुढे कोण टोपी काढतो? मग इकडचं तिकडचं विचारत होते. लेडी फिलिपांकडे तूच जातेस ना, त्या बऱ्या आहेत ना, झोप लागते ना. वाटलं, मठ मोडल्याचं पाप त्यांना टोचत असेल, म्हणून सगळ्यांची विचारपूस करत फिरतात बिचारे.

१९ मार्च

सर ओसवल्ड आज पुन्हा आले आणि पुन्हा बाईसाहेबांची तब्येत विचारली. मला खरोखर काळजी होती म्हणून सांगितलं. पुरुषापुढे बोलायची गोष्ट नाही ही, पण मी आजाऱ्यांची सेवा केलेली बाई आहे. म्हटलं, उपवास त्यांना सोसत नाहीत असं दिसतं. दोन महिने झाले, धुण्यात त्यांची महिन्याची फडकी आलेली नाहीत. आमच्याकडेही लेंटमध्ये तरुण सिस्टरांचं असं व्हायचं, अंग सुकतं, मग ईस्टरला दूधअंडी सुरू झाली की ठीक होतं. कुणी तरी त्यांना थोडं खायला सांगा.

ते धुण्याच्या बाकावर बसले. बाक ओला होता, मखमली विजार भिजली असेल.  मग म्हणाले, "हे आणखी कुणाला सांगितलंस?" नाही म्हटलं. "सांगू नकोस." आणि निघून गेले. मोठी माणसं किती मनाला लावून घेतात.

२७ मार्च

देवाची कृपा. आज लेडी फिलिपांच्या धुण्यात महिन्याची फडकी आली. म्हणजे सर ओसवल्डनी शब्द टाकला आणि कुणी तरी त्यांना खायला घातलं.

फडकी थंड पाण्यात भिजवताना शिवणीत एक बारीक पीस चिकटलेलं सापडलं. बाईसाहेबांची उशी उसवली असणार. पार्नेलला म्हटलं, वर जाईन तेव्हा सुईदोरा नेते. तिनं विचारलं, "कसलं पीस गं?" तांबूस, मी म्हटलं. "बघू." तिनं ते घेतलं, म्हणाली टाकून देते. नंतर कामाच्या गडबडीत उशीचं राहूनच गेलं.

१० एप्रिल

ईस्टर होऊन गेला. आज पार्नेल लाल लोकरीचा नवा परकर नेसून आली. फार शोभतो तिला. कुणी दिला विचारलं तर म्हणाली, आहे एक कदर करणारा. सगळ्या जणी हसल्या. मीही हसले.

२२ एप्रिल

आजच लिहिते, नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी दोन भालेकरी धोबीखान्यात आले आणि मला लेडी फिलिपांच्या दालनात घेऊन गेले. दाराबाहेर पहारा. आत लांब टेबलामागे मार्चमूरचे अर्ल, पिकलेल्या दाढीचे, सल्लागार मंडळात सगळ्यांत वजनदार. आणखी दोन सरदार. टेबलाच्या टोकाला चिटणीस म्हणून सर ओसवल्ड. अँकरेट भिंतीला टेकून उभी होती, चेहरा चुन्यासारखा. बाईसाहेब खिडकीपाशी. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं, की त्याच बसल्या नव्हत्या, कोण जाणे.

टेबलावर एक पांढरी बशी होती. बशीत तांबूस पीस.

ते पाहिलं आणि मला एकदम सगळं कळलं. उशीत हंसाचं पीस असतं, पांढरं. हे कोंबडीचं होतं. फडक्यांवरचं रक्तही कोंबडीचं. मठात मी शेकडो कोंबड्या सोलल्या, तरी मला दिसलं नाही, कारण दिसायला जे मनात असावं लागतं ते माझ्या मनात नव्हतं. बाईसाहेबांना दिवस गेले होते. आणि मी ते पीस पार्नेलच्या हातावर ठेवलं होतं.

सर ओसवल्ड उठले, शुभवर्तमानाचं पुस्तक घेऊन माझ्यापुढे आले. पुस्तक जड असावं, त्यांचा हात हलत होता. मी त्यावर हात ठेवला. बेचाळीस वर्षांत मी जाणूनबुजून कधी खोटं बोलले नव्हते. लहानपणी दूध सांडलं तरी कबूल करायची.

"हे पीस तुला लेडी फिलिपांच्या फडक्यात सापडलं?" सर ओसवल्डनी विचारलं. आवाजात ओळखीचं काही नव्हतं.

"हो, सरकार. पण ते माझ्यामुळे आलं."

अर्लनी डोळे वर केले. मी बोलत गेले. भटारखान्यात हात कमी होते म्हणून त्या सकाळी मी कोंबड्या सोलायला गेले, म्हटलं. परत येऊन हात पुसायला काही सापडेना, तर टोपल्यातल्या फडक्याला पुसले. चूक माझी, घाणेरडेपणा माझा.

"लेंटमध्ये कोंबडी?" अर्ल म्हणाले. फार हळू म्हणाले.

 लेंटमध्ये राजवाड्यात मांस शिजत नाही, हे पोरालाही माहीत आहे. 

"आजाऱ्यांच्या सूपासाठी परवानगी असते, सरकार," सर ओसवल्ड कागद चाळत म्हणाले. "त्या आठवड्याच्या परवान्यावर माझीच सही आहे."

नशीब बलवत्तर, की चिटणिसाला नियम पाठ होते.

अर्लनी बशी माझ्याकडे सरकवली. "आणि बाकीच्या फडक्यांवरचं रक्त?"

"बाईमाणसाचं. पंचवीस वर्षं बायकांचंच धुणं केलं आहे, सरकार. मला कळतं."

मग अर्ल बाईसाहेबांकडे वळले. शंका उरायला नको, म्हणाले, दोन सुइणी बाहेर बसवल्या आहेत. पाच मिनिटांचं काम.

अँकरेटनं डोळे मिटले. मीही मिटले असते, पण बाईसाहेब खिडकी सोडून टेबलापाशी येत होत्या आणि नजर हटेना. मोठ्यानं बोलल्या नाहीत.

"बोलवा त्यांना. दार मात्र उघडं ठेवा, अर्लसाहेब, म्हणजे तुमच्या भालेकऱ्यांनाही बघता येईल. आणि संध्याकाळी माझ्या मामांना तुम्हीच जाऊन सांगा, की त्यांच्या रक्ताच्या मुलीला तुम्ही कसं उघडं केलंत, एका कोंबडीच्या पिसावरून. ते काय म्हणतात हे ऐकायला मीही येईन."

 बाहेर नदीवर नावाडी एकमेकांना हाका मारत होते, त्या स्पष्ट ऐकू येत होत्या. बाईसाहेबांच्या झग्याखाली काय दडलं आहे, मला ठाऊक होतं. सुईण आत आली असती तर त्या दिवशीच सगळं संपलं असतं. आणि ती पोर बोटं टेबलावर टेकवून उभी होती, जशी काही वाट बघण्याचा कंटाळा आला आहे.

अर्लनी दोन बोटांनी पीस उचललं आणि जमिनीवर टाकलं. "त्या बाईला हाकलून द्या," म्हणाले. ते माझ्याबद्दल होतं.

या हातानं पुस्तकावर खोटी शपथ घेतली. मी सारखी हाताकडे बघते आहे. काही होत नाही. हे पान जाळायला हवं.

२३ एप्रिल

जाळलं नाही.

गाठोडं बांधताना पार्नेलला विचारलं, का केलंस? ती धोपटणं आपटत राहिली. मग म्हणाली, "कुणी विचारलं, मी बोलले. तू नाही बोललीस? पिसाचं तर तू कुणी विचारलं नसताना बोललीस."

 लाल परकराला कडेनं चिखल लागला होता.

५ मे

वेशीबाहेरच्या खानावळीत भांडी घासत होते. अँकरेट गाढवावर बसून आली. बाईसाहेबांना दलदलीचा ताप आला आहे असं वैद्यांनी लिहून दिलं आणि त्यांना गावाकडच्या घरी जायची परवानगी मिळाली. "धुणेवाली लागेल," अँकरेट म्हणाली. "तोंड बंद ठेवायला शिकलेली."

वाटेत मी म्हटलं, सगळ्यांत चीड येते ती त्या सर ओसवल्डची. नदीकाठी टोपी काढून गोड बोलायचं आणि वेळ आली की टेबलामागे बसून त्या पोरीला गुन्हेगारासारखं उभं करायचं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कारण विचारलं तर सांगेना.

२ ऑगस्ट

इथे चारी बाजूंना पाणथळ आणि बगळे. घरात आम्ही पाच जणी: बाईसाहेब, अँकरेट, मी आणि खाली स्वयंपाकघरातल्या दोघी. बाईसाहेब सकाळी अनवाणी बांधावरून चालतात, पोट आता झग्यात मावत नाही. मुलाचा बाप कोण, मी विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत. काल कपडे वाळत घालताना आल्या आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. राजघराण्यातली मुलगी माझ्याबरोबर चादर पिळत होती. उलट्या दिशेनं पिळत होती. मला ते सांगायचा धीर झाला नाही, मग तशीच पिळली.

९ ऑक्टोबर

दुपारी बाराच्या सुमाराला मुलगी झाली. अँकरेट आणि मी दोघीच होतो. अठरा तास त्या ओरडल्या नाहीत, कारण रस्ता खिडकीखालून जातो. चादरीचा कोपरा दातांत धरला होता, तो फाटला.

मी मुलीला पुसून गुंडाळलं. तळहातापेक्षा थोडं मोठं तोंड. हिच्या अंगात राजाचं रक्त आहे, हिच्यावरून फौजा निघू शकतात, फास लटकू शकतात. आणि ती जांभई देत होती. मी कधी पाहिलं नव्हतं हे, जन्म. इतकी वर्षं माणसांना जातानाच पाहिलं. गुडघे आपोआप टेकले गेले. कुणापुढे टेकले, मला सांगता येणार नाही.

मॉड नाव ठेवलं.

२१ ऑक्टोबर

सकाळी बांधावरून एकटा घोडेस्वार येताना दिसला, काळे कपडे. सर ओसवल्ड. मी मॉडला कपड्यांच्या टोपल्यात घातलं आणि मागच्या दाराकडे धावले. अँकरेटनं दंड धरून थांबवलं. "कुठे पळतेस बाई, बापाला तोंड तरी बघू दे तिचं."

मी टोपलं धरून तशीच उभी राहिले. ते आत आले, टोपल्यापाशी गुडघ्यावर बसले आणि टोपी काढली. मी राजवाड्यात येण्याच्या थोडं आधी, जानेवारीत, एका गावच्या चर्चमध्ये दोघांनी लग्न केलं होतं. लावून देणारा पाद्री आता हयात नाही. तेव्हापासून राजवाड्यात एकमेकांशी दोन शब्द बोलायची सोय नव्हती, म्हणून धुणेवालीला विचारत होते, तिला झोप लागते का.

"तू त्या दिवशी उपवासाचं सांगितलंस," ते म्हणाले, "तेव्हा बाकावर बसलो, कारण पाय राहिले नव्हते."

आणि त्यांच्याच इशाऱ्यावरून आलेली ती फडकी, तो परवाना, पुस्तक धरलेला थरथरता हात. मी केवढी आंधळी. त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, मठाबद्दल आधी मला मागू दे.

ते राजाचा हुकूमही घेऊन आले होते. सर्व संतांच्या सणाला परक्या देशाचा राजदूत येतो आहे. लेडी फिलिपांनी हजर व्हावं आणि नाचात भाग घ्यावा. सर ओसवल्ड म्हणाले की लोकर नेणारं जहाज तयार आहे, आपण तिघं समुद्रापलीकडे निघून जाऊ. बाईसाहेब मुलीच्या कानाशी बोट फिरवत ऐकत होत्या.

"आपण गेलो की उरलेल्यांचं काय? अँकरेट, ॲव्हिस, खालच्या दोघी. अर्ल या घरातल्या प्रत्येक बाईला फासावर देईल." मग म्हणाल्या, "मी नाचेन."

२९ ऑक्टोबर

न्यायला बारा शिपाई आले, पुढे सर ओसवल्ड, सल्लागार मंडळाचा माणूस म्हणून. खाली अंगणात घोडे फुरफुरत होते. वर मी बाईसाहेबांना तयार करत होते. वीस दिवसांची बाळंतीण. दुधानं छाती दगडासारखी झालेली, हात लागला तरी डोळ्यांत पाणी. राजापुढे हिरवी मखमल ओली होऊन चालणार नव्हती. मी जुन्या चादरीच्या लांब पट्ट्या फाडल्या होत्या. त्या छातीभोवती गुंडाळायला लागले.

"आवळ," त्या म्हणाल्या.

आवळलं.

"अजून."

सात पदर घातले. त्यांच्या ओठांचा रंग उडाला. मग त्यांनी मॉडला एकदा पाहिलं, उचलून घेतलं नाही, आणि जिना उतरून गेल्या. मी मागोमाग गेले.

अंगणात सर ओसवल्ड परक्या माणसासारखे वाकले. बाईसाहेबांनी बोटांची टोकं पुढे केली. "रस्ता कोरडा आहे का, सर ओसवल्ड?" "आहे, बाईसाहेब." एवढंच.

त्या घोड्यावर बसल्या आणि वर मॉड रडायला लागली. भुकेचं रडणं, सगळ्या अंगणात ऐकू जाणारं. मी बाईसाहेबांकडे बघत होते. आईच्या अंगात त्या आवाजानं काय होतं, ते या वीस दिवसांत मी पाहिलं आहे. चेहऱ्यावर काही आलं नाही. हातमोज्याचं बटण लावत होत्या, ते लावत राहिल्या.

शिपायांचा नाईक खिडकीकडे बघत होता. "कुणाचं पोर?"

 सर ओसवल्डनी लगाम मुठीत घट्ट धरला.

"माझं," मी म्हटलं.

नाईकानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू ती मठातली सिस्टर ना? या वयात?"

"या वयात."

बाराही जण हसले. एकानं शीळ घातली. मी मान खाली घातली नाही. त्या हसण्यात बाईसाहेबांनी घोडा वळवला आणि वळवताना, आठ महिन्यांपूर्वी चादर हुंगून माझ्याकडे बघितलं होतं तेवढाच वेळ, माझ्याकडे बघितलं. मग टाच मारली.

घोडे बांधावरून दिसेनासे होईपर्यंत त्यांची पाठ ताठ होती. मखमलीवर कुठे डाग दिसला नाही. त्यानंतर मी वर गेले, कारण पोर अजून रडत होती.